काळा बिबट्या खरा, सुट्टीचे परिपत्रक खोटे: फोनवरची बातमी पारखायला शिकणाऱ्यांसाठी

२०२५च्या जुलैत, चौदा तारखेच्या सोमवारी सकाळी, आमच्या गावच्या ग्रुपवर अर्ध्या तासात दोन गोष्टी येऊन पडल्या. पहिली होती गोव्यातल्या नेत्रावळीच्या जंगलात काळा बिबट्या असल्याची, फोटोसकट. दुसरे होते पावसामुळे १५ जुलैला शाळा बंद राहणार असल्याचे परिपत्रक. बिबट्यावर लोकांनी हसरे चेहरे टाकले. परिपत्रकाला हात जोडून आभार मानले आणि चुलत्या-मावश्यांना पुढे पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी शाळा नेहमीसारखी भरली. शेजारच्या घरचा सहावीतला मुलगा घरीच राहिला आणि त्याची घटक चाचणी बुडाली.

नेत्रावळी अभयारण्यात काळा बिबट्या खरोखर आहे. मे २०२० मध्ये तो तिथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये टिपला गेला आणि त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रांत छापून आले. तो वेगळ्या जातीचा प्राणी नाही. आपला नेहमीचाच बिबट्या, फक्त कातडीत काळे रंगद्रव्य जास्त. उन्हात नीट पाहिले तर अंगावरचे ठिपकेही दिसतात. परिपत्रक मात्र आदल्या वर्षीचे होते, वरची साल असलेली ओळ कापलेली.

मी फोंडा तालुक्यात तीस वर्षे शाळेत शिकवले. आता दर रविवारी सकाळी गावच्या वाचनालयात बसते. लोक फोन घेऊन येतात, स्क्रीन माझ्यासमोर धरतात आणि विचारतात, "बाय, हें खरें काय?" बहुतेकांच्या हातात स्मार्टफोन येऊन दोन-तीन वर्षेच झाली आहेत. काही जण निवृत्त झाल्यावर मुलाने दिलेला जुना फोन वापरतात. त्यांना मी जे दाखवते, तेच इथे लिहून काढते आहे. पायऱ्या क्रमाने केल्या तर सोपे जाते, पण प्रत्येक बातमीला सगळ्या लागतीलच असे नाही.

पायरी पहिली: "असं कधी होईल का?" हा प्रश्न बाजूला ठेवा

नवखा माणूस बातमी विचित्र आहे की साधी, यावरून तिचा खरेखोटेपणा ठरवतो. मला ही सगळ्यांत मोठी चूक वाटते, आणि गोव्यात राहून ती करणे तर फारच महागात पडते.

बाहेरच्या माणसाला सांगून पाहा. चोवीस जूनला, सांजावच्या सणाला, आमच्याकडे लोक डोक्यावर फुला-पानांचा मुकुट, म्हणजे कोपेल, घालून विहिरींत उड्या मारतात. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रत पाळणारे भक्त, पेटलेल्या होमखणातून चालत जातात. माशेलला आषाढात देवळासमोरच्या चिखलात म्हातारेकोतारेसुद्धा लोळतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत आणि काठावरच्या काही गावांत मातीची मगर करून तिची पूजा होते. पावसाळ्यात म्हादईच्या रानात रात्री हिरवट उजेड देणारी आळंबी उगवते. एकेक वाक्य वाचले तर थाप वाटावी, पण सगळे खरे आहे.

सांजावचा एखादा व्हिडिओ उद्या "गोव्यात लोकांना विहिरीत ढकलले" असा मजकूर चिकटवून उत्तरेत फिरला, तर तिथल्या माणसाला तो खरा वाटेल. कारण दृश्य खरेच आहे, मजकूर तेवढा खोटा.

उलट, ज्या खोट्या बातम्यांनी माझ्या ओळखीच्या लोकांचे प्रत्यक्ष नुकसान केले, त्या सगळ्या साध्या होत्या. सुट्टी. वीज कापली जाणार असल्याचा संदेश. बँकेचे केवायसी संपल्याचा निरोप. गॅसच्या अनुदानासाठी भरायचा फॉर्म. यांतल्या एकीनेही कुणाला दचकवले नाही. माणूस दचकला की निदान थबकतो तरी. न दचकवणारी बातमी सरळ आत शिरते. म्हणून वाचनालयात मी लोकांना सांगते, साध्या बातमीकडेच जास्त वेळ बघा.

पायरी दुसरी: मजकूर आणि चित्र वेगवेगळे तपासा

त्या बिबट्याकडे परत जाऊ. बातमी खरी होती, पण सोबतचा फोटो नेत्रावळीचा नव्हता. तो कर्नाटकातल्या काबिनीच्या जंगलातला निघाला. तिथला काळा बिबट्या छायाचित्रकारांमुळे जगभर ठाऊक झालेला आहे. म्हणजे एकाच संदेशात खरा दावा आणि परका फोटो. "संदेश खरा की खोटा?" असा एकच प्रश्न विचारला असता तर उत्तर मिळाले नसते. म्हणून दोन प्रश्न विचारायचे: जे लिहिले आहे ते घडले का? आणि जे दाखवले आहे ते त्याच घटनेचे आहे का?

चित्र तपासायची रीत अशी. फोटो फोनमध्ये साठवा. गुगलचे ॲप उघडा, शोधपट्टीच्या उजव्या टोकाला कॅमेऱ्याची खूण असते, ती दाबा आणि तो फोटो निवडा. याला लेन्स म्हणतात. खाली तसलीच चित्रे येतील. पहिले चित्र पाहून थांबू नका. खाली सरकत जा आणि सगळ्यांत जुनी तारीख कोणत्या पानावर आहे ते शोधा. काल घडलेल्या घटनेचा फोटो चार वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला, तर काम झाले. व्हिडिओ असेल तर तो मध्येच थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तो लेन्सला द्या. चेहऱ्यांपेक्षा पाट्या, इमारती, डोंगर दिसणारी चौकट निवडली तर उत्तर लवकर मिळते.

लेन्सने काही दिले नाही तर स्वतःचे डोळे आहेतच. गेल्या वर्षी चोर्ला घाटात दरड कोसळल्याचा व्हिडिओ आला. रस्त्याकडेची पाटी मल्याळम लिपीत होती. चोर्ल्यात मल्याळम पाटी कशी असेल? गाड्यांचे क्रमांक वाचा. गोव्याची गाडी जीए अक्षरांनी सुरू होते. ०१ पणजी, ०३ म्हापसा, ०५ फोंडा, ०६ वास्को, ०८ मडगाव. कदंबची सरकारी बस, जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा, लाल माती, दुकानावरची देवनागरी आणि रोमी अक्षरे, यांतले काही दिसते का ते बघा. जागा ओळखण्यात आपण गावची माणसे कोणत्याही यंत्राला हार जाणार नाही. शाळेत कधी न गेलेल्या एका मावशीने एका "मांद्रेच्या" किनाऱ्याचा फोटो हातात घेतला आणि लगेच म्हणाली, "हे माड आपल्याकडचे नाहीत." ते बरोबर होते.

आणखी एक फसवे चित्र दर दिवाळीला येते. नरकासुराची रात्र उलटली की कुणीतरी अंतराळातून दिसणाऱ्या भारताचे रंगीबेरंगी चित्र पाठवते आणि खाली लिहिलेले असते की नासाने दिवाळीच्या रात्री टिपलेला हा भारत. ते चित्र दिवाळीचे नाही आणि एका रात्रीचेही नाही. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी अनेक वर्षांत टिपलेल्या रात्रीच्या उजेडातून एका शास्त्रज्ञाने ते २००३ मध्ये तयार केले. वस्ती कशी वाढत गेली ते दाखवण्यासाठी त्याने रंग दिले: १९९२च्या आधीपासूनचे दिवे पांढरे, १९९२ला दिसू लागलेले निळे, १९९८चे हिरवे, २००३चे लाल. नासाने २०१२ मध्येच हे स्पष्ट केले होते. मला स्वतःला त्या चित्राची खरी गोष्टच जास्त आवडते. त्यात आपल्या देशातली गावे एकामागून एक उजळत गेलेली दिसतात.

संगणकाने बनवलेल्या चित्रांविषयी थोडेसे. बोटे मोजून ती ओळखा, हा सल्ला आता जुना झाला. बोटे नीट यायला लागली आहेत. चित्रातल्या पाट्यांवरची अक्षरे अजून कधीकधी गचाळ असतात, विशेषतः देवनागरी. पण त्यावरही विसंबू नका. अशा चित्रांसाठी पुढची पायरी महत्त्वाची आहे.

पायरी तिसरी: सांगोवांगीच्या मागे जाऊन पहिला माणूस शोधा

ही पायरी शिकवायला मी कासावलीजवळच्या कुएलीच्या टेकडीवरचे तीन राजांचे चॅपेल घेते.

"गोव्यातील सर्वांत भुताटकीच्या जागा" असे शोधून पाहा. हे चॅपेल हमखास वरच्या तिनांत येते. गोष्ट अशी: तिथे तीन पोर्तुगीज राजे होते, गादीवरून त्यांचे भांडण झाले, होल्गर नावाच्या एकाने उरलेल्या दोघांना मेजवानीला बोलावून विष घातले, लोक चवताळून आले तेव्हा स्वतःही विष घेतले, आणि तेव्हापासून तिघांचे आत्मे तिथे भटकतात. दहा-वीस संकेतस्थळांवर हेच आहे. नवख्याला वाटते, एवढ्या जणांनी लिहिले आहे म्हणजे काहीतरी असणारच.

आता चार-पाच पाने शेजारी शेजारी उघडा आणि शांतपणे वाचा. पहिली गोष्ट लक्षात येईल की वाक्ये जवळजवळ तीच आहेत. म्हणजे वीस जणांनी सांगितले असे नाही. एकाने सांगितले आणि बाकीच्यांनी उतरवून घेतले. दुसरी, कुठेही साल नाही. कुठल्या शतकात घडले तेही नाही. तिसरी, ज्या दप्तरातून किंवा ग्रंथातून ही माहिती मिळाली त्याचा पत्ता नाही. पोर्तुगीजांनी तर कागद फार जपून ठेवले. तीन राजे एका टेकडीवर मेले असते तर त्याची नोंद राहिलीच असती.

मग शाळेतला इतिहास आठवा. गोव्यात पोर्तुगालचा राजा राहत नसे. राजा समुद्रापलीकडे, इथला कारभार व्हाइसरॉय किंवा गव्हर्नर पाहत असे. एकही राजा नव्हता तिथे तीन कुठून येणार? आणि होल्गर हे नाव तरी पोर्तुगीज वाटते का? आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत, जुन्या दस्तांत, पोर्तुगीज नावे आपण रोज ऐकतो, वाचतो. होल्गर हे नाव उत्तर युरोपातल्या देशांत चालते.

मग "तीन राजे" कोण? बायबलातल्या कथेत बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी राजे. पोर्तुगीजमध्ये त्यांना रेइश मागुश म्हणतात. वेऱ्याजवळच्या किल्ल्याला त्यांचेच नाव आहे. त्यांचा सण सहा जानेवारीला असतो. त्या दिवशी कासावली, आरोसी आणि कुएली या तीन गावांतली तीन मुले राजांचा पोशाख करून, डोक्यावर मुकुट घालून टेकडी चढतात आणि चॅपेलमध्ये प्रार्थना होते. चॅपेलला तीन राजांचे म्हणतात ते या सणावरून. ज्या जागेवर गावकरी पोरांना नटवून नेतात, आनंदाचा दिवस साजरा करतात, तिला पर्यटनाच्या पानांनी भूतबंगला करून टाकले. रात्रीबेरात्री गाड्या घेऊन व्हिडिओ काढायला जाणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे, असे मला फार मनापासून वाटते. श्रद्धेच्या जागेची अशी बदनामी होते तेव्हा ती खोटी माहिती "निरुपद्रवी" राहत नाही.

तर पहिला माणूस शोधायचा म्हणजे हे तीन प्रश्न: कुणी पाहिले? कधी? कुठे नोंदले आहे? "आमच्या मित्राच्या भावाने पाहिले" हे उत्तर आले की थांबा. व्हॉट्सॲप यात थोडी मदत करते. संदेशावर एक बाण असेल तर तो पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही. दोन बाण असतील तर तो कितीतरी हातांतून फिरत आला आहे, आणि असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. २०२० पासून ही मर्यादा आहे. पण कुणी मजकूर उतरवून घेऊन नव्याने चिकटवला तर बाण नाहीसे होतात, तेव्हा बाण नाहीत म्हणून बातमी ताजी असे समजू नका.

मोठ्या संस्थेचे नाव घातलेले असेल तर त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन बघा. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगातले सर्वोत्तम ठरवले, हा संदेश पंधरा वर्षांहून जास्त काळ फिरतो आहे; युनेस्कोने तसे काही जाहीर केलेले नाही. राष्ट्रगीतावर प्रेम करायला आपल्याला त्या शिक्क्याची गरजही नाही.

पायरी चौथी: कागद असेल तर कागदासारखा वाचा

शिक्का, सही आणि सिंहाची राजमुद्रा दिसली की आपली मान आपोआप झुकते. परिपत्रक हाती आले की हे पाहा.

तारीख आणि वार जुळतात का? आमच्या त्या परिपत्रकात "सोमवार, १५ जुलै" असे होते. १५ जुलैला सोमवार होता तो २०२४ साली. २०२५ मध्ये मंगळवार. भिंतीवरचे कालनिर्णय बघितले असते तरी कळले असते. मग जावक क्रमांक पाहा, त्यात बहुधा साल असते. कडा कापलेल्या आहेत का? ज्याने कापल्या त्याला काहीतरी लपवायचे असू शकते. शेवटी खात्याच्या संकेतस्थळावर तेच परिपत्रक आहे का ते बघा, नाहीतर मुख्याध्यापकांना फोन करा. गोव्यात हे सोपे आहे. राज्य लहान, मुख्याध्यापक बहुधा दोन गावे पलीकडचे.

पावसाच्या इशाऱ्यांसाठी हवामान खात्याचे पणजी केंद्र रोज अंदाज देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. इशारा कोणत्या जिल्ह्याला आणि कोणत्या दिवसाला आहे हे त्यात लिहिलेले असते. फॉरवर्डमध्ये नेमके तेवढेच गळून पडते.

दुवा असेल तर त्याचा पत्ता वाचायला शिका. सरकारी पत्ता "डॉट जीओव्ही डॉट इन" ने किंवा "डॉट एनआयसी डॉट इन" ने संपतो. "संपतो" हा शब्द महत्त्वाचा. पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या अगदी आधी काय आहे ते बघा. मध्ये कुठेतरी "गोवा" आणि "जीओव्ही" घुसवून शेवटी "डॉट कॉम" किंवा "डॉट एक्सवायझेड" ठेवलेला पत्ता सरकारचा नाही. तिथे आधार क्रमांक भरू नका.

पोलीस, सीबीआय किंवा कस्टमचा माणूस व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" म्हणाला तर फोन ठेवून द्या. भारताच्या कायद्यात अशी अटकच नाही. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पायरी पाचवी: आकड्याला विचारा, तू कशाचा?

नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याचे पर्यटन कोसळल्याचा एक आलेख समाजमाध्यमांवर फिरला. त्यावर एवढे वादळ उठले की पर्यटन खात्याने पोलिसांत तक्रार दिली. खात्याचे म्हणणे, आकडे भलत्याच ठिकाणचे आहेत आणि पर्यटक उलट वाढले आहेत. दोन तट पडले. रविवारी वाचनालयात तेच भांडण.

आम्ही पाटीवर सरकारी आकडे मांडले. २०१९ मध्ये गोव्यात सगळे मिळून सुमारे ८० लाख पर्यटक आले, त्यातले परदेशी ९ लाखांच्या थोडे वर. २०२३ मध्ये एकूण आकडा ८६ लाखांच्या आसपास, पण परदेशी साडेचार लाख. म्हणजे एकूण संख्या वाढली आणि परदेशी पाहुणे निम्म्यावर आले. "पर्यटन वाढले" म्हणणाऱ्याकडे खरा आकडा होता. मोरजीच्या किनाऱ्यावर शॅक, म्हणजे झोपडीवजा खानावळ, चालवणारा जो "माझे रशियन गेले" म्हणत होता, त्याचेही खरे होते. भांडण आकड्यांचे नव्हतेच. दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते.

म्हणून आकडा आला की विचारा: एकूण की त्यातला एक भाग? कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत? लाख की दशलक्ष? हे शेवटचे मराठी वाचकाला फार फसवते. इंग्रजीतला एक मिलियन म्हणजे दहा लाख, आणि घाईत भाषांतर करताना एक शून्य सहज सटकते. एक मोजमाप पाठ करून ठेवा: २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. "गोव्यातल्या वीस लाख महिलांना लाभ" असे वाचले की पुढे वाचायचे कारण उरत नाही.

पायरी सहावी: पहिल्या दिवसाची बातमी कच्ची असते

जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात अन्न व औषध प्रशासनाने परराज्यांतून आलेल्या ट्रकांतली मासळी तपासली. जागच्या जागी केलेल्या चाचणीत फॉर्मेलिन, म्हणजे प्रेते टिकवायला वापरतात ते रसायन, सापडल्याचे सकाळी सांगितले गेले. त्याच दिवशी नंतर, प्रयोगशाळेतल्या तपासणीत प्रमाण मर्यादेत असल्याचे सांगण्यात आले. लोकांचा विश्वास उडाला. मासळी हा गोव्याच्या ताटाचा प्राण. घराघरांत हुमण, म्हणजे माशाची आमटी, शिजायचे थांबले. पुढे सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर पंधरा दिवसांची बंदी घातली.

त्या दिवशी ग्रुपवर सकाळची आणि संध्याकाळची बातमी एकमेकींना खोटे पाडत शेजारी शेजारी पडल्या होत्या. दोन्ही अधिकृत, दोन्ही त्याच खात्याच्या. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली: बातमीसोबत वेळ लिहून ठेवायची. "खात्याने सांगितले" पुरत नाही. "खात्याने दुपारी अमुक वाजता सांगितले" असे म्हणायचे.

डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागली तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांत मृतांचा आकडा २३ होता, नंतर तो २५ झाला. सुरुवातीला सिलिंडरचा स्फोट हे कारण सांगितले गेले, पुढे आतषबाजीचे नाव आले. यात कुणी मुद्दाम खोटे सांगत होते असे नव्हे. धूर असताना कुणालाच स्पष्ट दिसत नाही. अशा रात्री मेलेल्यांची नावे आणि फोटो पुढे पाठवू नका. ज्यांची मुले घरी परतलेली नाहीत, ते आईबाप त्याच ग्रुपवर असतात.

पायरी सातवी: घरी करून पाहता येत असेल तर करून पाहा

२१ सप्टेंबर १९९५. मूर्तीने दूध प्याल्याची बातमी एका दिवसात देशभर पोचली, तीही मोबाइल नसताना. एसटीडीच्या टपऱ्यांवर रांगा लागल्या. मी शाळेत होते आणि मुले वर्गात बसायला तयार नव्हती.

दिल्लीतल्या सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून पाहिले आणि दूध मूर्तीवरून खाली ओघळताना सगळ्यांना दिसले. मी वर्गात तेच केले. मातीची पणती उपडी ठेवली, चमचाभर दुधात चिमूटभर कुंकू कालवले आणि चमचा पणतीच्या कडेला टेकवला. चमचा रिकामा झाला. पणतीवरून लाल रेघ खाली आली होती, केसासारखी बारीक. पृष्ठताण दूध बाहेर ओढतो आणि मग ते पातळ थर होऊन उतरते. पांढरे दूध पांढऱ्या संगमरवरावरून उतरताना डोळ्यांना दिसत नाही. एका मुलीने विचारले, "बाई, मग देव नाही का?" मी म्हटले, "देवाला मानायला दूध प्यायल्याची बातमी लागत नाही. तुझी आजी काल मानत होती, ती उद्याही मानेल." आजही मी हेच उत्तर देईन.

पायरी आठवी: कुणाला विचारायचे

मराठीत पडताळणी करणारी पाने आहेत. फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर मराठीत लिहितात. ऑल्ट न्यूज आणि बूम इंग्रजी-हिंदीत. संदेशातले दोन-तीन खास शब्द आणि पुढे "फॅक्ट चेक" असे शोधा. केंद्र सरकारच्या योजनांबद्दलच्या अफवांना पीआयबीचा, म्हणजे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा, फॅक्ट चेक विभाग २०१९ पासून उत्तरे देतो. तो विभाग उपयोगी आहे, पण सरकारच्या बाजूने बोलणारा आहे हे लक्षात असू द्या. सरकारविषयीची कोणती बातमी खोटी हे सरकारच्याच विभागाने ठरवावे, हा २०२३चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, तो याच कारणाने मला योग्य वाटतो.

गावातल्या बातमीसाठी मात्र यांतले कुणी येणार नाही. तिथे छापील वर्तमानपत्र अजून सगळ्यांत बरे. एक मराठी आणि एक इंग्रजी, दोन्ही चाळा. चूक झाली तर त्यांना दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो, आणि वार्ताहर कोण हे गावाला ठाऊक असते.

पायरी नववी: काकांना कसे सांगायचे

बातमी खोटी निघाली. ती पाठवली आहे तुमच्या थोरल्या काकांनी, चाळीस नातेवाइकांच्या ग्रुपवर. आता?

ग्रुपवर त्यांना खोडू नका. मी एकदा केले. माझ्या मोठ्या दिरांनी लसणाच्या रसाने हृदयातले अडथळे निघतात असे पाठवले होते आणि मी सगळ्यांसमोर लांबलचक उत्तर लिहिले. ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत, आणि लसूणही सोडला नाही. आता मी खासगीत फोन करते. "भाऊजी, तुम्ही पाठवलेलं वाचलं. मी जरा शोधलं तर हे मिळालं, तुम्ही बघा ना" एवढेच. शोधलेले त्यांच्या हातात द्यायचे आणि ग्रुपवर दुरुस्ती त्यांनाच करू द्यायची. बहुतेक जण करतात. माणसे खोटे पसरवायला म्हणून पाठवत नाहीत; काळजीपोटी पाठवतात. औषधाबद्दलचा संदेश असेल आणि कुणी गोळ्या बंद करण्याची शक्यता असेल, तेव्हा मात्र मानापमान बघत बसू नका. लगेच, सगळ्यांसमोर, पण आदराने लिहा.

चूक तुमच्याकडून झाली असेल तर व्हॉट्सॲपवर सुमारे अडीच दिवसांपर्यंत संदेश सगळ्यांच्या फोनवरून काढता येतो. पण नुसता काढू नका. ज्यांनी वाचला त्यांच्या मनातून तो जात नाही. त्याच ग्रुपवर लिहा: "सकाळी मी पाठवलेले परिपत्रक गेल्या वर्षीचे होते. उद्या शाळा आहे."

आमच्या वाचनालयात यायचे असेल तर एवढे करा: शंका असलेला संदेश पुसू नका, पुढे पाठवू नका, तसाच फोनमध्ये ठेवा. तो तुमच्यापर्यंत कोणत्या ग्रुपवरून आणि किती वाजता आला तेही पाहून या. फोन चार्ज करून आणा, कारण आमच्याकडे प्लग एकच आहे. आणि घरात सहावी-सातवीचे मूल असेल तर त्यालाही घेऊन या. ज्या मुलाची चाचणी बुडाली होती, तो आता दर रविवारी माझ्या शेजारी बसतो आणि परिपत्रकातला वार आधी तोच तपासतो.